बाण सोडतो कोण, डोळा की पाठ? टार्गेट पॅनिक कसं होतं आणि कसं सोडवायचं

स्ट्रिंग ओढून हात हनुवटीला टेकलाय, म्हणजे अँकर लागलेला आहे, वारा नाही, हातात थकवा नाही. धनुष्यावरच्या साइटची पिन, म्हणजे नेम धरायची खूण, खालून वर येते आणि लाल रिंगपाशी थांबते. पिवळा भाग जेमतेम दोन बोटं वर आहे, पण पिन तिथे जातच नाही, जणू कुणी हात धरून ठेवलाय. तिरंदाज जोर लावून ती वर ढकलतो. पिन पिवळ्याला शिवते न शिवते तोच बाण सुटलेला असतो. तो सोडायचं त्याने ठरवलेलंच नसतं.

याला टार्गेट पॅनिक म्हणतात. जुनं नाव गोल्ड पॅनिक, कारण फेसच्या (लक्ष्याच्या रंगीत कागदाच्या) मधल्या पिवळ्या भागाला तिरंदाजीत गोल्ड म्हणतात. त्याची रूपं वेगवेगळी असतात. कुणाची पिन गोल्डच्या खाली किंवा बाजूला अडकते. कुणाचा बाण पिन गोल्डवरून जाता जाता सुटतो. कुणाचा हात हनुवटीला टेकायच्या आधीच स्ट्रिंग सुटते. पारंपरिक धनुष्य आणि बेअरबो (साइट नसलेलं धनुष्य) वापरणाऱ्यांत हे जास्त दिसतं. कंपाउंडवाला (चाकं असलेलं धनुष्य वापरणारा) स्ट्रिंग सोडणाऱ्या साधनाच्या ट्रिगरला हिसका देतो. रिकर्व्हवाल्याला (टोकं पुढे वळलेलं धनुष्य वापरणाऱ्याला) क्लिकरमधून, म्हणजे पुरेसं ओढलं की टक् वाजणाऱ्या पट्टीखालून, बाणाचं टोक काही केल्या बाहेर काढता येत नाही, किंवा क्लिक व्हायच्या आधीच त्याची बोटं उघडतात.

'पॅनिक' या नावाने मात्र घोटाळा केलाय. नाव ऐकून लोक भीतीवर उपाय शोधतात: दीर्घ श्वास घे, मन शांत ठेव, आत्मविश्वास वाढव. त्याने माणसाला बरं वाटेल, पिन मात्र जिथल्या तिथे राहील. पहिल्या महिन्यातल्या नवशिक्याला हा त्रास सहसा होत नाही. तो होतो हजारो बाण मारलेल्याला, आणि प्रत्येक गुण मनावर घेणाऱ्याला. गोल्फमध्ये यालाच जवळचा प्रकार 'यिप्स' नावाने ओळखला जातो, डार्ट्समध्ये 'डार्टायटिस'. एरिक ब्रिस्टो हा डार्ट्सचा पाच वेळचा जगज्जेता. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात डार्ट त्याच्या बोटांतून वेळेवर सुटेनासा झाला. घाबरट माणूस पाच वेळा जगज्जेता होत नाही. भीती वाटते ती नंतर, आपला हात आपलं ऐकत नाही हे कळल्यावर. मुळात आहे ती एक सवय, आणि ती फार पक्की बसलेली आहे.

डोळा मालक कसा होतो

शॉटचा क्रम सगळ्यांना पाठ असतो: ड्रॉ म्हणजे स्ट्रिंग ओढणं, अँकर, भार पाठीवर घेणं, नेम, खांद्यामागच्या स्नायूंनी ओढत राहणं म्हणजे एक्सपान्शन, मग रिलीज. कागदावर नेम आणि रिलीज यांच्यामध्ये एक पायरी आहे. मेंदूला ती पायरी दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच की पिन पिवळ्यावर आली, बाण सुटला, दहा मिळाले. दिवसाला 100 बाण, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर 30,000 वेळा हीच जोडी गिरवली जाते. घंटा वाजली की लाळ सुटणाऱ्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचं उदाहरण शाळेत वाचलेलं असतं. इथे घंटेच्या जागी पिवळा ठिपका आहे. काही काळाने मेंदू मधली पायरी गाळून टाकतो. बाण सोडायचा हुकूम पाठीकडून जायला हवा, तो डोळा देऊ लागतो.

त्यात धक्क्याची भर पडते. बाण सुटताना धनुष्य हातात उसळतं. हा हिसका नेमका कधी बसणार हे कळलं की शरीर क्षणभर आधीच आवळतं. टाचणीने फुगा फोडताना डोळे आधी मिटतात तसं. बाण स्ट्रिंगवरून पूर्ण सुटायला सेकंदाचा पन्नासावा हिस्साही लागत नाही, पण शरीर आवळतं ते त्याच्याही आधी. म्हणून बो आर्म (धनुष्य धरलेला हात) खाली पडते, मनगट वळतं, बोटं झटकली जातात.

आता पिन अडकण्याचं कोडं सुटतं. 'पिन पिवळ्यात' याचा अर्थ मेंदूच्या लेखी 'सोड' असा झाला आहे. बाण लवकर सुटतोय हे तिरंदाजाच्या लक्षात येतं आणि तो स्वतःला बजावू लागतो: एवढ्यात सोडायचं नाही. दोन्ही हुकूम एकदम पाळायचा मेंदूपुढे एकच मार्ग उरतो, पिनला पिवळ्यात जाऊच द्यायचं नाही. अडकणं म्हणजे सुटण्यावर लावलेला ब्रेक. म्हणूनच 'थांब, थांब, सोडू नको' असं मागून ओरडणारा प्रशिक्षक ब्रेक आणखी घट्ट करतो.

याची सुरुवात बहुतेक वेळा एका चुकीच्या अपेक्षेतून होते: पिन गोल्डच्या मधोमध गप्प उभी राहिली पाहिजे. तशी ती कुणाचीच राहत नाही. 70 मीटरवर 122 सेंटिमीटरच्या फेसवर दहाची रिंग 12.2 सेंटिमीटर व्यासाची असते आणि सगळा पिवळा भाग 24.4 सेंटिमीटरचा. पिन त्यात सावकाश फिरत राहिली आणि पाठ ओढत राहिली तर बाण बहुतेक मध्याजवळच जातात. पण स्थिर क्षणाची वाट पाहणारा तो क्षण पकडायला जातो. पिन मधून जाताना 'आत्ता!' म्हणतो, आणि सवयीचा पहिला धडा तिथेच गिरवला जातो. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात ते ठीक, पण टार्गेट पॅनिक झालेल्याला ती सांगू नये. त्याला आधीच पिवळ्याशिवाय दुसरं काही दिसत नसतं.

आधी धनुष्य तपासा

बऱ्याच जणांचं अर्धं दुखणं पाउंडेजमध्ये, म्हणजे धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोरात असतं. धनुष्य झेपत नसेल तर घाई करणं हे शरीराचं शहाणपण आहे. फुल ड्रॉला अँकर लावून घड्याळ बघा. 10 सेकंद पिन गोल्डच्या आसपास ठेवून बाण न सोडता स्ट्रिंग हळू परत नेता येते का? याला लेट डाउन किंवा नुसतं 'डाउन करणं' म्हणतात. या लेखात ते पुन्हा पुन्हा येणार आहे. सातव्या सेकंदाला खांदा वर चढत असेल तर 4 ते 6 पाउंड कमी करा. रिकर्व्हमध्ये लिंबचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत सैल करून थोडं वजन उतरतं. तेवढ्याने भागत नसेल तर उपचाराच्या काळापुरते हलके लिंब मिळवा. कंपाउंडमध्ये ड्रॉ लेंग्थही (स्ट्रिंग किती मागे येते ते अंतर) बघा. ती लांब असेल तर बो आर्म ताठून जाते आणि पिन कधीच सैलपणे तरंगत नाही.

मग दोन चाचण्या. पहिली: बटापासून (बाण रुततो त्या जाड लक्ष्यफळीपासून) 3 मीटरवर, फेस न लावता, डोळे मिटून दहा बाण. शॉट गुळगुळीत झाला तर तंत्र शाबूत आहे, बिघाड फक्त चित्र दिसल्यावर होतो. दुसरी: नेहमीच्या अंतरावर, बाण सोडायचाच नाही असं ठरवून गोल्डवर 5 सेकंद नेम धरा आणि डाउन करा. हे सहज जमलं आणि सोडायच्या इराद्याने पिन अडकली, तर सवय इराद्याशी बांधलेली आहे. न सोडायचं ठरवूनही पिन जात नसेल तर ती जास्त खोल गेली आहे आणि पुढची प्रत्येक पायरी लांबवावी लागेल.

एक अपवाद. हात लिहितानाही वळत असेल, कुलूप उघडताना किंवा घास घेताना बोटं आपोआप आवळत असतील, तर तो निव्वळ सवयीचा प्रश्न नसू शकतो. गोल्फच्या यिप्समध्ये काही खेळाडूंना फोकल डिस्टोनिया हा मज्जासंस्थेचा विकार असल्याचं आढळलं आहे. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

तीन आठवडे फेस बंद

जुनी सवय पुसता येत नाही. तिच्या शेजारी दुसरी वाट पाडायची आणि ती इतकी मळवायची की पाय आपोआप तिकडे वळले पाहिजेत. या काळात जुन्या वाटेवरून एकदाही जायचं नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात: पाच दिवस रिकाम्या बटावर मारून सहाव्या दिवशी 'बघू सुटलंय का' म्हणून 70 मीटरवर उभे राहतात. पंचवीस बाणांत पाच दिवसांची कमाई जाते.

म्हणून तीन आठवडे बाण सोडायच्या सरावात फेस कपाटात. दिवसाला 50 बाण, म्हणजे एकूण हजारभर. अंतर 2 ते 3 मीटर, बट खांद्याच्या उंचीवर आणि चांगला रुंद. पुढे किंवा बाजूला कुणी नाही याची खात्री करा. बाण लावून डोळे उघडे ठेवूनच ड्रॉ करा, अँकर लागल्यावर बाण बटाच्या मध्याकडे आहे हे बघा आणि मगच डोळे मिटा. एकाच जागी बाण आदळून बाण फुटू नयेत म्हणून थोडी जागा बदलत राहा. आणि बाणाशिवाय स्ट्रिंग कधीही सोडू नका. रिकाम्या धनुष्याची सगळी ताकद लिंबवर येते, ते फुटू शकतात.

डोळे मिटल्यावर लक्ष कुठे ठेवायचं? ओढणाऱ्या हाताच्या खांद्याच्या फऱ्यावर. अँकरनंतर कोपर मागे, किंचित वळसा घेत सरकत राहतं आणि त्या सरकण्यात बोटं सैल होतात. बोटं 'उघडायची' नाहीत, त्यांनी धरून ठेवणं फक्त सोडून द्यायचं. ओढणं चालू असताना एखादं वाक्य मोठ्याने म्हणा: 'ओढत राहा, ओढत राहा, ओढत…' शब्द क्रियेचे हवेत, निकालाचे नकोत, 'दहा', 'मध्ये', 'नीट' हे नाही चालत. आणि 'सोडू नको' तर नाहीच, त्यात 'सोड' आधीच आलं. बाण वाक्याच्या मध्येच सुटायला हवा. वाक्य थांबलं आणि मग बाण सुटला, तर तो तुम्ही सोडलात, पाठीने नाही. वाक्य अडखळलं की डाउन करा. हे हास्यास्पद वाटतं, मान्य आहे. पण तोंड बंद पडलं की डोळ्याने सूत्रं घेतली हे कळण्याचा याहून स्वस्त इशारा दुसरा नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी निम्मे बाण डोळे उघडे ठेवून मारा, समोर अर्थातच काही लावलेलं नाही. साइट काढून ठेवली असेल तर ती इथे परत बसवा.

नेम वेगळा, शॉट वेगळा

याच तीन आठवड्यांत दिवसाच्या दुसऱ्या वेळी उलटं काम करायचं: फक्त नेम, शॉट नाही. धनुष्याला बाण लावा (स्ट्रिंग चुकून सुटली तर धनुष्य वाचेल), 5 मीटरवर फेस लावा, ड्रॉ करा, पिन पिवळ्यात न्या आणि 4 ते 6 सेकंद तिला तिथे हवं तसं फिरू द्या. तिला दुरुस्त करू नका. मग डाउन. असं दिवसाला 20 वेळा, दर पाचानंतर विश्रांती. डाउन करणं बाण मारण्यापेक्षा दमवतं.

पहिले दोन-तीन दिवस पिन पिवळ्यात शिरताच बोटांत चमक उठेल. उठू द्या. चमक उठली, बाण सुटला नाही आणि काही बिघडलंही नाही, हे मेंदूला शंभर-दोनशे वेळा दाखवलं की 'पिवळा म्हणजे सोड' ही गाठ सैल पडते. पिन अजून खालीच अडकत असेल तर वरून खाली या, नाहीतर बाजूने. अडकायची सवय एका दिशेची असते, दुसऱ्या बाजूने बहुतेकदा दार उघडं असतं.

चौथ्या आठवड्यात दोन्ही जोडायचं, पण निर्णय स्वतःकडे न ठेवता. जोडीदार मागे उभा राहतो. तुम्ही अँकर लावून पिन पिवळ्यात स्थिरावली की तो 'चालू' किंवा 'खाली' म्हणतो. 'चालू' म्हणजे सोड नव्हे. 'चालू' म्हणजे वाक्य सुरू कर, ओढायला लाग. सुरुवातीला पाचांत चार वेळा 'खाली' असावं. मग तीन, मग निम्मं. बाण सोडायचा आहे की नाही हे आधी माहीत नसल्याने शरीराला आधीच आवळायला जागा राहत नाही.

परत लांब जायचा पूल

5 मीटरवरून थेट 70 वर जाऊ नये हे उघड आहे, पण त्याचं गणित मजेदार आहे. 70 मीटरवरचा 24.4 सेंटिमीटरचा गोल्ड डोळ्याला जेवढा दिसतो, तेवढाच 5 मीटरवर दिसायला ठिपका साधारण 1.7 सेंटिमीटरचा हवा. म्हणजे जागा न सोडता चित्र लहान करता येतं. 5 मीटरवर आधी 24 सेंटिमीटरचा पिवळा कागद, मग 12, 6, 3, शेवटी 1.7. इतक्या जवळून बाण डोळ्याच्या बराच खालून जातो, त्यामुळे साइट नेहमीच्या जवळच्या अंतराच्या खुणेपेक्षा खूप खाली, लांबच्या अंतराच्या खुणेकडे न्यावी लागते. बाण कुठे बसतोय याची फार काळजी नको. समोरचं चित्र आणि पाठीचं काम एकत्र नांदतंय ना, एवढंच बघायचं.

मग अंतर वाढवा: 10, 18, 30, 50, 70. प्रत्येक नव्या अंतरावर पहिल्या दिवशी फेस उलटा लावा, नुसता पांढरा कागद. तीन दिवस लक्षण दिसलं नाही तर पुढे. सहा बाणांच्या फेरीत दोनदा पिन अडकली किंवा बाण चोरटा सुटला तर त्याच क्षणी एक पायरी मागे. 'हे सहा संपवतो आणि मग' नाही. गुण कुणीही लिहायचे नाहीत. 'स्वच्छ सुटले किती' एवढंच मोजा. सहापैकी पाच स्वच्छ आणि सगळे लालच्या बाहेरच्या निळ्यात, हा उत्तम दिवस आहे. सगळा पूल पार व्हायला दोन ते तीन महिने धरा, मोसम संपल्यावर सुरुवात करणं त्यामुळेच बरं.

क्लिकर आणि ट्रिगर

क्लिकर मुळात याच रोगावरचं औषध: पुरेसं ओढलं गेल्याशिवाय सोडायचं नाही, हे कानाला सांगणारी पातळ पट्टी. औषधाचीही सवय लागते. टक् झालं की बोटं उडतात, किंवा टक् होणार या धास्तीने ओढणंच थांबतं. आधी माप बघा. अँकर पूर्ण लागल्यावर बाणाचं टोक क्लिकरखाली 2 ते 3 मिलिमीटर उरलेलं असावं. 5-6 उरत असेल तर तुम्ही रोज भिंत ढकलताय; क्लिकर मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकवा. मग रोज 15 वेळा: क्लिक होऊ द्या, ओढत राहा, दोन सेकंद थांबा, डाउन करा. याने प्रतिक्रिया मंदावते असं म्हणणारे प्रशिक्षक आहेत, आणि निरोगी तिरंदाजाच्या बाबतीत त्यांचं बरोबरही असेल. पण ज्याच्यासाठी क्लिकर चाबूक झालाय त्याला आधी चाबकाची भीती घालवावी लागते. रिकाम्या बटाच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर क्लिकर काढूनच ठेवा.

कंपाउंडमध्ये बोटाने दाबायचा ट्रिगर हलका असेल तर हिसका देणं सोपं जातं. ट्रिगर जड करा, बोटाचं टोक न ठेवता दुसऱ्या पेरापर्यंत आकडा घाला आणि बोट न हलवता पाठीने ओढा. स्ट्रिंग सोडायच्या हातातल्या साधनालाही रिलीज म्हणतात; त्याचे बटण नसलेले दोन प्रकार उपयोगी पडतात. हिंज रिलीज हात सावकाश वळत गेला की सुटतो. ओढीवर सुटणारा रिलीज ठरलेली ओढ झाली की सुटतो. 50 पाउंडाच्या, 80 टक्के लेट-ऑफच्या (पूर्ण ओढल्यावर तेवढा भार कमी होणाऱ्या) धनुष्यात हातात 10 पाउंड उरतात, तर रिलीज 12 ते 13 पाउंडांवर लावायचा. दोन्ही आधी दोरीच्या फासावर शिका: ड्रॉ लेंग्थएवढ्या दोरीचा फास एका मुठीत धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्यात रिलीज अडकवून ओढायचं. पहिल्याच दिवशी धनुष्यावर हिंज चढवला तर तो ड्रॉ करताना मध्येच सुटून मूठ स्वतःच्या तोंडावर बसते.

ही साधनं तीन-चार महिने छान चालतात, कारण बाण कधी सुटेल ते कळत नाही. मग मेंदूला कळायला लागतं आणि मनगटाला झटका देऊन हिंजही 'मारता' येतो. नवा रिलीज घेऊन रिकाम्या बटाचं काम टाळलेलं असेल तर दुखणं दुप्पट चिवट होऊन परततं. अडकलेल्या जागेवर नेम धरून साइटच सरकवून घेणं हाही तसलाच उपाय. चार दिवस दहा मिळतात, मग पिन नव्या जागेच्याही खाली अडकते.

बेअरबोवाल्यांना लिंबवर बसणारा क्लिकर सरावात वापरता येतो. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांनुसार बेअरबो स्पर्धेत ड्रॉ तपासणारं साधन चालत नाही. तिथे स्पर्शाची खूण लावून घ्यावी: स्ट्रिंग नाकाच्या शेंड्याला टेकली की वाक्य सुरू. इथेही टेकली की सोड असं नाही, टेकली की ओढायला लाग.

स्पर्धेच्या दिवशी

जुनी वाट बुजलेली नसते, फक्त गवत माजलेलं असतं. दमल्यावर, खूप वाऱ्यात, किंवा शेवटच्या बाणाला दहा हवे असताना पाय तिकडे वळू शकतात. म्हणून बरं झाल्यावरही दर सरावाचे पहिले 15 बाण रिकाम्या बटावर, आणि आठवड्यातून एकदा नुसत्या नेमाचे 20 डाउन.

वैयक्तिक बाद फेरीत आळीपाळीने बाण मारताना एका बाणाला 20 सेकंद मिळतात. एवढ्यात एकदा डाउन करून पुन्हा ड्रॉ करता येतं, पण डाउन करायचा निर्णय घड्याळात 11-12 सेकंद उरलेले असतानाच घ्यावा लागतो. हे सरावात टायमर लावून बसवा: ड्रॉ, अँकर, मुद्दाम डाउन, एक श्वास, पुन्हा ड्रॉ, शॉट. दिवसाला पाच वेळा पुरे. रेषेवर पिन अडकली तर ती वर ढकलू नका. डाउन करा, पुढच्या वेळी वरून खाली या आणि पिन कुठेही असली तरी वाक्य सुरू करा, या वेळी मनातल्या मनात. बाण आठाच्या रिंगमध्ये गेला तरी चालेल. पण ढकलून, झटक्याने मिळवलेला दहा पुढच्या सहा बाणांना महागात पडतो, कारण मेंदूने त्या झटक्यालाच बक्षीस दिलेलं असतं.